सरजाबाईनं दिलेलं नाव

झरीच्या अलीकडं दोन कोसांवर एक गाव आहे. तिथल्या कुणाला हळद खुरपून घ्यायची असली, कापूस वेचायचा असला, की तो आधी सरजाबाईच्या ओट्यावर येऊन टेकतो. पाणी पितो, इकडचं तिकडचं बोलतो आणि मग हळूच विचारतो, "मग मावशी, उद्या कितीक बाया येतील?" सरजाबाई लगेच हो म्हणत नाही. रान कुठलं, गवत कसलं, पाणी किती लांब, धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, झाड आहे का नाही, सगळं विचारून घेते. बिनझाडाच्या रानात तिची टोळी जात नाही. भाकर खायला सावली पाहिजे आणि बाईमाणसाला आडोसा पाहिजे, ही पहिली अट. मजुरीचं बोलणं त्याच्यानंतर.

टोळी बावीस बायांची. तिच्या आधी तिची सासू ही टोळी न्यायची, पण सासूचं काम आवाजावर चालायचं. सरजाबाईचं काम शब्दावर. कुठल्या गोष्टीला काय म्हटलं म्हणजे माणूस उठून चालायला लागतो, हे त्या बाईला उपजत कळतं. शाळा तिनं चौथीत सोडली. पण कोरोनाच्या साली नर्सबाई आठ दिवस दारोदार 'लसीकरण, लसीकरण' करत हिंडल्या आणि गावानं दारं लावून घेतली, तेव्हा त्या शेवटी हिच्याचकडं आल्या. सरजाबाई पारावर जाऊन एवढंच म्हणाली, "आपल्या आयांनी देवीचा टोचा घेतला व्हता का न्हाई? दंडावर वण हाय का न्हाई? त्येच हाय हे." दुसऱ्या दिवशी शाळेच्या आवारात रांग लागली. तेव्हापासून कुणालाही गावाकडून काही करून घ्यायचं असलं, की तो आधी सरजाबाईकडून त्याचं नाव ठेवून घ्यायचा. तिलाही त्याचा थोडा तोरा होता. ती कबूल करणार नाही, पण होता.

आता या बायांची कामाची एक रीत आहे, ती सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. खुरपायला बाया एका ओळीत बसतात, प्रत्येकीनं आपापली तासं, म्हणजे पिकाच्या ओळी, धरायची, त्याला पात म्हणतात. पात एका टोकाला धरली की दुसऱ्या टोकाला सगळ्यांनी बरोबर निघायचं. मधी कुणी मागं पडली, तर तिच्या दोन्ही अंगाच्या बाया हात लांब करून तिच्या तासातलं गवत काढत जातात. विचारायचं नाही. एखादीचं अंग दुखतं, एखादीला पाळी आलेली असते, एखादीला घरी मार बसलेला असतो, एखादी म्हातारी झाली हे तिचं तिलाच अजून मान्य नसतं. शेजारणीला सगळं दिसतं. ती तोंडानं बोलत नाही, हातानं पात उचलते. शहरातल्या शहाण्यांना वाटतं, खेड्यात काही झाकून राहत नाही. राहतं की. झाकायचं कसं ते या बायांकडून शिकावं.

दोन वर्षांमागं बाहेरच्या एका कंपनीनं गावाच्या वरच्या अंगाची चाळीस एकर जमीन करारानं घेतली आणि सगळी हळद लावली. काम मोठं, जवळ, रोजच्या रोज. सरजाबाईची टोळी तिथं लागली. देखरेखीला महारुद्र नावाचा पोरगा, पूर्णेकडचा, शेतीची पदविका झालेला, सव्वीस-सत्तावीसचा. पोरगा वाईट नव्हता. बायांना मावशी-काकू म्हणायचा, दुपारी त्यांच्यातच बसून ठेचा मागून खायचा.

यंदा श्रावणात तो एक खोकं घेऊन आला. खोक्यात काळे रबरी पट्टे, घड्याळासारखे, वर आकडा नाही, काटा नाही, नुसती काळी काच.

"हे ट्रॅकर आहेत," तो म्हणाला. "यानं कामगारांचं मॉनिटरिंग होतं. हरेकीनं मनगटाला बांधायचं."

चतुराबाईनं एक उचलून उलटापालटा केला. चतुराबाई टोळीतली सगळ्यांत म्हातारी, पासष्टीची, तोंडानं फटकळ. "गोऱ्ह्याच्या गळ्यात लोढणं बांधत्यात तसलं व्हय रे हे?"

"तसं न्हाई काकू."

"मग कसं? आमी काय सुटून पळायलोत?"

बाया हसल्या आणि पट्टे खोक्यात परत टाकले. दुसऱ्या दिवशीही तेच. महारुद्राला वरून फोनवर फोन. तिसऱ्या दिवशी तो खोकं काखेत मारून सरजाबाईच्या ओट्यावर आला.

"मावशी, तुमीच काहीतरी करा आता. माझी नोकरी हाय."

"हे करतंय काय, ते आधी सांग."

"नाडी बगतंय. कुणाला ऊन लागलं, चक्कर आली, सापाचं पान लागलं, तर माझ्या फोनवर लगीच खबर येती. मी गाडी घेऊन पोचतो."

यात खोटं काही नव्हतं. खोटं बोलला असता तर सरजाबाईनं ते ओळखलं असतं, तिची उमर त्यात गेली. त्यानं खरं सांगितलं आणि तेवढंच सांगितलं. आणि ते नेमकं तिच्या दुखऱ्या जागी लागलं. मागल्या उन्हाळ्यात टोळीतली एक बाई भुईमूग उपटताना ऊन लागून पडली होती. पात पुढं निघून गेली, बाई मागं तासात पडून राहिली, आणि पाणी प्यायला उठल्यावर कुणाच्या तरी ध्यानात आलं. वाचली ती. पण तेव्हापासून दर घटकेला मागं वळून बाया मोजायची सवय सरजाबाईला लागली होती.

दुसऱ्या दिवशी पात धरायच्या आधी ती धुऱ्यावर उभी राहिली.

"बायांनो, ट्रॅकर-फॅकर ते सायबाच्या बोलीत. मी सांगते काय हाय ते. आपुन पात पुढं नेतो आन मागं कोन पडलं ते आपल्याला दिसत न्हाई. ह्याला दिसतंय. ह्यो काळजीपट्टा हाय. तुमच्या घरी कोन इचारतं का, बाई, तुझी नाडी कशी चाललीय म्हून?"

"आमच्या म्हाताऱ्यानं चाळीस वर्सांत मनगट धरलं ते निस्तं मुरगाळायला," चतुराबाई म्हणाली. "आण इकडं. ह्यो तरी नीट धरंल."

झालं. काळजीपट्टा म्हटल्याबरोबर बावीस मनगटं पुढं आली. लोढणं म्हणून जे दोन दिवस कुणी मनगटाला लावलं नव्हतं, ते काळजी म्हटल्यावर बायांनी बांगड्या मागं सारून बांधून घेतलं. महारुद्रानं फोन पुढं केला. हरेकीनं वाचून 'सहमत' दाबायचं होतं. वाचणार कोण? ऊन चढत होतं. टोळीचा शब्द म्हणजे मुकादमिणीचा शब्द; रान ठरवायचं, वेळ ठरवायची, ती एकटीच हो म्हणते आणि ते बावीस जणींना लागू होतं. त्याच रीतीनं सरजाबाईनं अंगठा पुढं केला आणि बावीस वेळा 'सहमत' दाबलं. तिला वाटलं, आपण पात उचलली.

पंधरा दिवसांनी नवीन खोकी आली. खोक्यावर छापील चिठ्ठी, पिवळ्या रंगात, हसऱ्या बाईचं चित्र आणि खाली ठसठशीत: काळजीपट्टा. तिच्या तोंडचा शब्द कंपनीनं उचलून छापून टाकला होता. तेव्हा तिला बरंच वाटलं.

पुढं महिनाभर कुणी पडलं नाही, कुणाला पान लागलं नाही. पण महारुद्राचं बोलणं बदलत चाललं. आधी तो नावानं हाका मारायचा, आता पट्ट्याच्या नंबरानं बोलू लागला. सतरा नंबर आज हळू हाय. काल सावलीत पस्तीस मिनिटं झाली. चार नंबर फार उठती मधून मधून. चार नंबर म्हणजे चतुराबाई, तिला साखरेचा आजार. ठेचा खायला बसणंही त्यानं सोडलं होतं. सरजाबाईला खटकायचं, पण काम अर्ध्यात, हळदीला गवत दाटलेलं, आणि पट्टा आपणच बांधलेला. ती गुमान राहिली. या गुमान राहण्याचा तिला पुढं सगळ्यांत जास्त राग आला.

अकरा नंबरचा पट्टा माधवीच्या हातात होता. माधवी चतुराबाईची सून, चोविशीची, कमी बोलणारी. श्रावणाच्या आधीपासूनच सरजाबाईनं तिला आपल्या डाव्या अंगाला बसवायला सुरुवात केली होती आणि तिची निम्मी तासं स्वतः ओढत होती. माधवीच्या दुसऱ्या अंगाची बाई पलीकडून ओढायची. तिघी टोकाला बरोबर निघायच्या. यावर तिघींत एक अक्षर झालं नव्हतं.

त्या दिवशी सकाळी हजेरीला सगळ्या धुऱ्यावर उभ्या. ट्रॅक्टरवाला होता, पाइप जोडणारे दोन गडी होते. महारुद्र फोनमध्ये बघत म्हणाला, "अकरा नंबर. माधवीताई, तुमी आजपासून येऊ नका."

"कामून?" माधवीनं विचारलं.

"तुमच्याच काळजीपोटी सांगायलोय. तुमाला दिवस गेलेत असं दिसायलंय. वरून मेसेज आलाय, अशा बाईला रानात घ्यायचं न्हाई. काई झालं तर जिम्मेदारी कंपनीवर येती."

चतुराबाई डोक्याला फडकं बांधत होती, तिचे दोन्ही हात तसेच वर राहिले. ट्रॅक्टरवाला दुसरीकडं बघायला लागला; त्याला तेवढी लाज होती. माधवीनं खुरपं खाली ठेवलं, पट्टा सोडायला गेली, तो सुटेना. तशीच, पट्ट्यासकट, ती गावाकडं चालू लागली.

"कुणाला दिसायलंय?" सरजाबाईनं विचारलं.

"सिस्टीमला, मावशी. नाडी वाढलेली, मधून मधून उठणं, वाकल्यावर थांबणं, ते सगळं जोडून सांगतंय ते."

"आन तू ते ट्रॅक्टरवाल्याला सांगतोस."

"मी माधवीताईला सांगितलं."

"इतक्या समद्यांत उभं करून."

चतुराबाईनं फडकं खांद्यावर टाकलं. "माझ्या घरातली गोष्ट," ती सावकाश म्हणाली, "मला ह्या पोराच्या फोनातून कळायची व्हती." आणि धुऱ्यावरच खाली बसली. सुनेच्या मागं गेली नाही. आनंद झाला, राग आला का अपमान झाला, ते तिचं तिलाच उमगत नसावं.

त्या दिवशी पात लागली. माधवीची जागा मोकळी सोडून कुणी बसेना, म्हणून सगळ्या सरकून बसल्या. दिवसभर एक ओवी नाही, एक चावट बोलणं नाही.

दिवस मावळायच्या आत सरजाबाई चतुराबाईच्या घरी गेली. चतुराबाई शेळीला पाला टाकत होती, तिनं मानेनंच आत दाखवलं. माधवी चुलीपुढं होती. पट्टा तिनं विळ्यानं कापून काढला होता, तुकडे कोनाड्यात होते.

"तुमाला म्हाईत व्हतं ना मावशी?"

"व्हतं."

"कवापसून?"

"तू भरलेली पाटी डोक्यावर घ्यायची सोडलीस तवापसून."

"मग बोलल्या कामून न्हाईत?"

"बोलायचं कामून? पात उचलली की."

माधवीनं भाकर पलटली. मग म्हणाली, "दोनदा गेलं माझं. दोन्ही टायमाला गावाला आधी कळलं व्हतं. मग गेल्यावर हरेक बाई दारात यायची आन इचारायची, काय झालं व माय, कसं झालं. एकेकीला सांगावं लागलं. गेल्याचं दुख बसून कराया मिळालं न्हाई मला. या टायमाला म्हनलं, पाचवा म्हयना लागस्तोवर माझ्यापाशी ठेवू. नवऱ्याला सांगितलं व्हतं. ह्यांच्या आईलाबी न्हाई." मग तिनं पहिल्यांदा मान वर केली. "तो पट्टा मी बांधत नव्हते, मावशी. तुमी म्हनल्या काळजीचा हाय, म्हून बांधला."

सरजाबाईला आयुष्यात शब्द कमी पडला नव्हता. त्या चुलीपुढं पडला. ती उठून घरी आली.

घरी अर्पिता होती, सरजाबाईची धाकटी, परभणीला कॉलेजात शिकणारी, सुटीला आलेली. सरजाबाईनं तिच्यापुढं फोन ठेवला. "ते सहमत दाबलं व्हतं मी. त्याच्या आधी काय लिहिलं व्हतं ते काढून वाच."

अर्पितानं कंपनीच्या साइटवर शोधून काढलं, वाचलं. "वापरकर्त्याच्या हालचाली, विश्रांती व शारीरिक स्थितीविषयीची माहिती सेवेच्या सुधारणेसाठी संकलित केली जाईल व आवश्यकतेनुसार सहयोगी संस्थांस उपलब्ध करून दिली जाईल."

"मराठीत सांग."

"मराठीच हाय, आई."

"मग आपल्यात सांग."

"तुमी कुठं गेलात, कितीदा बसलात, कितीदा धुऱ्याआड गेलात, नाडी कशी चालली, हे समदं लिहून घेनार. आन ज्याला पायजे त्याला देनार."

"आन त्याला हो कुनी म्हनलं?"

"तू."

"किती जणींच्या वतीनं?"

अर्पितानं फोन आईपुढं सरकवला.

आता रागाचं सांगायचं तर सरजाबाईला कंपनीचा राग आला, महारुद्राचा आला, पण सगळ्यांत आधी आला तो त्या शब्दांचा. विश्रांती काय, सुधारणा काय, सहयोगी काय. एकही शब्द वाईट नाही. एकेक उचलून बघा, कुठंही काटा नाही. देवाच्या पत्रिकेत छापावेत असे गोड शब्द, आणि त्यांच्याखाली बावीस बायांचं उठणं-बसणं, नाडी आणि पोट गाठोडं बांधून ठेवलेलं. आणि त्या गाठोड्यावर सगळ्यांत वरचा, सगळ्यांत गोड शब्द तिचा स्वतःचा. कंपनीच्या शहाण्यांना पगार घेऊन जो सुचला नाही, तो तिनं धुऱ्यावर उभं राहून फुकट दिला होता.

सकाळी बाया रानात आल्या, पण पात धरली नाही. धुऱ्यावर बसल्या. सरजाबाईनं महारुद्राला बोलावलं.

"तुझ्या फोनात आमचं काय काय लिहिलंय ते वाच. मोठ्यानं."

"ते ऑफिसचं असतंय मावशी."

"अंग आमचं हाय ना? वाच. चार नंबरपसून वाच."

त्यानं चतुराबाईकडं बघितलं. चतुराबाई म्हणाली, "वाच रे बाबा. सुनंचं वाचलंस, सासूचं राहिलंय."

महारुद्र वाचू लागला, आवाज खाली. "चार नंबर. सक्रिय वेळ पाच तास दहा मिनिटं. वैयक्तिक विराम सात."

"वैयक्तिक विराम म्हंजी?"

"म्हंजी... मधून थांबल्या."

"कशाला थांबली?"

त्यानं बोटानं पुढची ओळ सरकवली.

"मुतायला गेली," सरजाबाई म्हणाली. "सात येळा गेली. त्येच मोजलंय ना?"

"तसा शब्द न्हाई त्यात."

"शब्द न्हाई म्हून तुला वाचता येतंय. मी म्हनलेलं लिहून घेतलं असतं तर तुझ्या सायबाला कागद हातात धरवला नसता." ती उभी राहिली. "बायांनो, हे मी तुमाला काळजीपट्टा म्हून बांधलं. मी चुकले. तुमी धुऱ्याआड कितीदा बसता ते हे मोजतंय. कुनाची पाळी चुकली ते हे सांगतंय. आन मी तुमच्या वतीनं हो म्हनले, तुमाला न इचारता. आता जिचं तिनं काय करायचं ते करा, मी कुनाच्या वतीनं बोलत न्हाई."

एक घमेलं पडलं होतं खताचं. चतुराबाईनं आपला पट्टा त्यात टाकला. मग एकेक. काहींना सुटेना, त्यांचे शेजारणींनी सोडले. एकवीस पट्टे घमेल्यात. "अकरा नंबर आमच्या कोनाड्यात हाय," चतुराबाई म्हणाली. "कापून. लागला तर ने."

टोळी निघून आली. त्यात पावसानं उघडीप दिलेली, गवत दिवसाला वीतभर वाढणारं. पाचव्या दिवशी कंपनीचा वरचे साहेब गाडी घेऊन गावात आले. पांढरा सदरा, बोलणं मऊ. सरजाबाईच्याच ओट्यावर बसले, पाणी प्याले. महारुद्र खाली उभा. बाया जमल्या, माधवीही आली, सासूच्या पाठीशी उभी राहिली.

साहेब म्हणाले, त्यांना कुणाचा अनादर करायचा नव्हता. पट्टे ऐच्छिक करू. ज्यांना नको त्यांना नको. माधवीताईंनाही काम देऊ, बसून करायचं हलकं काम, त्यांच्या सोयीनं.

"बसूनच खुरपत्यात सायेब," चतुराबाई म्हणाली. "उभ्यानं खुरपायची रीत तुमच्याकडं असंल."

बाया हसल्या. साहेबही हसले. सरजाबाईनं हसू दिलं आणि मग विचारलं, "आन हिचं जे लिहून घेतलंय, ते?"

"ते पूर्णपणे सुरक्षित आहे."

"कुनापासून?"

"म्हणजे?"

"सुरक्षित म्हंजी कुनीतरी पळवू नये म्हून जपलेलं. ते पळवलंय तुमीच. तुमच्यापासून सुरक्षित हाय का?"

साहेबांनी समजावलं. माहिती एका ठिकाणी नसते, ती वर साठवलेली असते, ती काढणं त्यांच्या हातात नाही, तशी प्रक्रिया आहे, अर्ज करता येईल. मऊ, गुळगुळीत, एकावर एक शब्द रचत गेले. सरजाबाई ऐकत राहिली. आठ दिवसांमागं हेच ऐकून तिनं मान डोलावली असती आणि बायांना याचं आपल्या बोलीत छान करून सांगितलं असतं, ते तिला त्या वेळी लख्ख दिसलं.

"माधवे," ती म्हणाली, "तू सांग. मी न्हाई बोलत."

माधवी सासूच्या आडून पुढं आली. "अर्ज केला आन तुमी म्हनलात पुसलं, तर मला कसं कळंल पुसलं म्हून?"

साहेब पुन्हा 'प्रक्रिया' म्हणाले.

"मग मी न्हाई येत," माधवी म्हणाली. "दुसऱ्या कुनाला यायचं असंल तर जावं. माझी ना न्हाई."

चतुराबाईनं पदर खोचला. "सुनंबिगर सासूची पात कोन वढंल? मीबी न्हाई." मग माधवीच्या पलीकडं बसणारी बाई नाही म्हणाली, मग पुढची. काहींनी खाली बघितलं, कारण कंपनीचं काम रोजचं होतं आणि जवळ होतं. सहा बाया कंपनीकडं गेल्या. सरजाबाईनं त्यांना एका शब्दानंही बोल लावला नाही. उरलेल्या पंधरा जणी आणि सरजाबाई गावातल्या दिनकररावांच्या साडेतीन एकर हळदीत गेल्या. रान लांब, ओढ्यापलीकडं, पण धुऱ्यावर दोन बाभळी आणि एक मोठं चिंचेचं झाड. माधवी डाव्या अंगाला बसली. आता सगळ्या गावाला माहीत होतं, म्हणून कुणीतरी म्हणायला गेलं, "जपून व माय," तर चतुराबाईनं तिच्याकडं असं बघितलं की पुढचं बोलणं तिथंच थांबलं.

शनिवारी महारुद्राचा फोन आला. नोकरी टिकवायची होती त्याला, आणि मनात काहीतरी टोचतही असावं. म्हणाला, "मावशी, झरीची टोळी लावलीय सायबांनी. तीस बाया. पट्टे दिलेत. म्हनलं तुमाला सांगावं."

"काय म्हून दिलेत?"

"काळजीपट्टा म्हून."

रविवारी सकाळी सरजाबाईनं झरीचा ऑटो धरला. तिथल्या मुकादमिणीला ती ओळखत होती, सरळ तिच्या दारात गेली. आठ-दहा बाया तिथंच धुणं घेऊन निघालेल्या, हातात काळे पट्टे. ती टेकलीही नाही. वाटेत ऑटोत बसून तिनं गोड शब्द शोधला होता, सवयीनं, आणि मग तो टाकून दिला होता.

"ते हातातलं," ती म्हणाली, "तुमी आडोशाला कितीदा जाता ते मोजतंय. किती येळ बसता ते मोजतंय. आमच्यातल्या एकीला दिवस गेले व्हते, ते तिच्या सासूला कळायच्या आधी ह्यानं सायबाला सांगितलं, आन त्येच्या देखरेखीच्या पोरानं गड्यांसमोर वाचून दाखवलं."

बाया एकमेकींकडं बघू लागल्या. एकीनं मनगट पदराखाली घेतलं.

मुकादमीण म्हणाली, "पर ते तर म्हनले, काळजीचा हाय. पान लागलं तर..."

"पान लागलं तर खबर देतंय, ते खरं हाय. ते खोटं न्हाई म्हनत मी. ते एक देतंय आन बाकीचं समदं घेतंय."

"मग काळजीचा कामून म्हनले?"

"मी म्हनले," सरजाबाई म्हणाली. "सायबाला म्हाईत नव्हता तो शब्द. माझा हाय."

मुकादमिणीनं तिच्याकडं निरखून बघितलं. कशाला आली ही, आपलं काम गेलं म्हणून जळून आली का, हे तिच्या तोंडावर सरळ वाचता येत होतं. सरजाबाईनं वाचलंही. तिच्या जागी आपण असतो तर आपल्यालाही हेच वाटलं असतं, हे तिला कळत होतं, आणि त्याला काही इलाज नव्हता.

मागं उभी असलेली एक पोरसवदा बाई पुढं आली. हात पुढं केला आणि दुसऱ्या हातानं पट्ट्याचं कुलूप चाचपडू लागली. तिला ते जमेना. तिच्या पोटाकडं सरजाबाईनं मुद्दाम बघितलं नाही.

"खालून दाब," ती म्हणाली, "अंगठ्यानं. जोरानं," आणि तिचं मनगट हातात घेतलं.